केस वाढेपर्यंत

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी फर्मान काढलं, की यंदाच्या दिवाळी अंकात जुन्या भिलाईतल्या फॅशनवर कोणीतरी लिहिलं पाहिजे. तिघांनी माझं नाव सुचवलं म्हणे. त्या तिघांच्या डोक्यांवर आज कंगवा लावावा असं काही शिल्लक नाही, पण एके काळी तिघांचाही कोंबडा मीच काढत होतो. कोंबडा म्हणजे कपाळावरून वर उचललेला केसांचा तुरा. त्याला खोबरेल तेल, पाणी आणि भरपूर धीर लागायचा. तेव्हा लिहितो. घरात मी एकटाच असतो, लिहायला हवा तेवढा वेळ आहे.

मी न्हावी. आता लोक हेअर ड्रेसर म्हणतात, माझी काही हरकत नाही. साकोलीच्या पुढे, जंगलाच्या कडेला आमचं गाव. बाबा गावचे न्हावी, आजोबाही तेच. गावात न्हाव्याकडे गिऱ्हाईक येत नाही. न्हावीच धोकटी काखेत मारून घरोघर जातो. धोकटी म्हणजे वस्तरा, कात्री, वाटी ठेवायची कातडी पिशवी. कोणाच्या दारी जायचं आणि कोणाच्या नाही, हे आपल्या जन्माआधीच ठरलेलं असतं. भिलाईत कारखान्याचं बांधकाम निघालं आणि आमच्याकडची पोरं खलाशी, म्हणजे हाताखालचे मजूर, नाहीतर फिटर म्हणून जायला लागली. त्यांच्या मागे मीही आलो. लग्नाला वर्ष झालं होतं. कौसल्येला गावीच ठेवलं आणि म्हणालो, राहायची सोय झाली की नेतो. ती सोय होईपर्यंत आमची मंदा जन्मली, चालायला लागली, बोलायलाही लागली. मी सणावाराला जाऊन पाहुण्यासारखा तिला पाहून येत होतो.

मजुरांच्या कॅम्पात टिनाचं छप्पर टाकून दुकान मांडलं. एक खुर्ची, एक आरसा, मागे माझी खाट. सुरुवातीला कात्रीची धार टिकायचीच नाही. सिमेंटवर काम करणाऱ्या माणसाचे केस कापणं म्हणजे ब्रश कापणं. मग मी नियम केला, आधी डोकं धुवा, मग बसा. डोकं धुतलं की बादलीत लाल मुरमाचा गाळ बसायचा. पंजाब, बंगाल, आंध्र, केरळ, सगळा देश माझ्या बादलीत डोकं धुऊन गेला. आणि खुर्चीत बसला की प्रत्येक जण एकच सांगायचा, "बारीक कर दो, भैया." मी विचारायचो, कल्ले ठेवू का, मागे उतार देऊ का? उत्तर ठरलेलं, "कौन देखता है?"

ते खरंच होतं. हजारो माणसं आणि कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मग एखाद्या दिवशी तोच माणूस यायचा, दोनदा दाढी घोटायला लावायचा, आरशात डावीकडून उजवीकडून पाहायचा. मी ओळखायचो, उद्या याची बायको दुर्गच्या स्टेशनवर उतरणार. लोक म्हणतात फॅशन सिनेमानं आणली. भिलाईत ती बायकामुलांसोबत रेल्वेनं आली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कौसल्या गावी होती, तेव्हा माझे स्वतःचे केस मात्र बारीकच होते.

दोन गिऱ्हाइकं सांगतो.

एक मेश्राम. भंडाऱ्याकडचा, फिटर, माझ्याच वयाचा. रविवारी सकाळी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा. म्हणाला, "भाऊ, आधीच सांगतो. आमी दीक्षा घेतलेले. गावातला न्हावी आमच्या डोक्याले हात लावत नव्हता. तुमी लावता का?"

गावातला न्हावी म्हणजे माझे बाबाच असल्यासारखं मला वाटलं. आमच्या गावीही तेच होतं. मी खुर्ची झटकली आणि म्हणालो, "बसा."

"आधी पोट्ट्याचे कापा. माहे मंग."

मी खुर्चीच्या दांड्यांवर फळी टाकून पोराला बसवलं. बापानं घरी कात्री चालवली होती, त्याच्या पायऱ्या मागे दिसत होत्या. कशी कापू म्हटलं तर पोरानं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या कोंबडेवाल्या बाबूकडे बोट केलं. काढला कोंबडा. पोरगं आरशापुढून हलेना. मेश्राम म्हणाला, "राहू द्या जी थोडा वेळ. घरी आरसा नाही आमच्याकडे." तेव्हापासून मेश्राम दर महिन्याला आला आणि माझा मित्र झाला. ही बातमी गावी पोचली तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत म्हणे. मग म्हणाले, "पोटासाठी केलं असंन," आणि विषय गिळून टाकला.

दुसरा आंध्रातला एक वेल्डर. कॅम्पातला सगळ्यात देखणा कोंबडा त्याचा. वेल्डिंगच्या टोपीखाली तो दबायचा म्हणून ड्यूटी सुटली की आधी माझ्याकडे येऊन तो उभा करून घ्यायचा. एका सकाळी तो हातात तार घेऊन आला. वडील गेले होते, तार उशिरा पोचली होती, गावी सगळं उरकलं होतं. खुर्चीत बसला आणि हातानं सगळं डोकं दाखवलं, सगळं काढ. आमच्या गावी अशा वेळी न्हाव्याभोवती भाऊबंद असतात, कोणी पाणी ओततं, कोणी रडतं. इथं तो आणि मी. मी वस्तरा चालवला, मीच पाणी ओतलं. मुंडन झाल्यावर तो उठला नाही. कुठं जाणार होता? संध्याकाळपर्यंत दुकानातल्या बाकावर बसून राहिला आणि गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून येत-जात राहिली.

पुढे सेक्टर उभे राहिले, क्वार्टरांतून बायका-पोरं दिसायला लागली. कारखाना उभारायला रशियन इंजिनियर आले होते, त्यांच्यातली एक बाई तिच्या मुलीला घेऊन माझ्या टिनाखाली आली, तेव्हा कॅम्पातली निम्मी माणसं बाहेर जमली. ना तिला हिंदी, ना मला तिची भाषा. तिनं मुलीच्या हनुवटीच्या रेषेत बोट फिरवलं, इथून इथपर्यंत. बॉबकट. मी त्याआधी पोरीच्या केसांना कात्री लावलीच नव्हती. केस ओले करून खाली विंचरले आणि बोटभर जास्त ठेवून कापले, कारण ओले केस वाळल्यावर वर चढतात. वाळल्यावर पोरीनं मान हलवली. केस गालावर आले आणि सटकन परत जागेवर बसले. बाई हसली, बाहेरची माणसंही हसली. आठवडाभरात बंगाली आया, मद्रासी आया पोरींना धरून माझ्याकडे. "वो रशियन वाली कटिंग." भिलाईतल्या कितीतरी पोरींच्या माना मी मोकळ्या केल्या, आणि दर वेळी मनात यायचं, मंदाला ही किती शोभेल.

शेवटी एक खोली मिळाली, वर कौलं असलेली, आणि मी दोघींना घेऊन आलो. मंदा पाचची होती. कौसल्येनं पहिल्या दिवशी सगळी खोली शेणानं सारवायचं म्हटलं, मग तिला कळलं की खाली सिमेंट आहे. मी सकाळी दुकानात जायचो, रात्री परत. येताना दिवसभराचं सगळं तिला सांगायचो, कोण आलं, कोणाचे कल्ले कसे कापले. ती ऐकून घ्यायची. आजूबाजूला मराठी बोलणारं एकच घर होतं, मेश्रामचं. त्याची बायको एकदा वाटीभर भाजी घेऊन आली. कौसल्येनं वाटी घेतली, हसून बोलली आणि ती गेल्यावर भाजी तशीच झाकून ठेवली. मला राग आला. दुकानात मी जे मोडलं होतं, ते घरात मोडलेलं नव्हतं. पण मीही तिला बसवून काही बोललो नाही. दुकानात गर्दी होती.

एका रविवारी मी मंदाला अंगणात स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि तिची वेणी सोडली. आजवर कापलेल्या सगळ्या पोरींची मेहनत मी त्या एका डोक्यात ओतली. कटिंग उत्तम झाली. आजही सांगतो, त्या वर्षीची भिलाईतली सगळ्यात चांगली कटिंग ती होती. मंदानं मान हलवली, केस गालावर आले आणि परत बसले. त्या दिवशी ती जेवताना, खेळताना, झोपायला जाताना मानच हलवत होती.

त्या केसांनी पोरीला नजर दिली. लाल रिबीन नको म्हणाली, क्लिप पाहिजे. फ्रॉक गुडघ्याच्या खाली नको. पितळी ताटात स्वतःला पाहायची. दुकानात येऊन बाकावर बसायची आणि गिऱ्हाइकासमोरच मला सांगायची, "बाबा, या काकाचे कल्ले एक खाली, एक वर आहे." आणि ते असायचेही. मला वाटायचं, ही मुलगा असती तर धंदा हिनंच सांभाळला असता. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

कौसल्या मात्र कटिंग झाली त्या संध्याकाळी फक्त एवढं म्हणाली, "मामंजीले काय सांगसान?"

मामंजी म्हणजे माझे बाबा. चार महिन्यांनी धाकट्या भावाचं लग्न निघालं आणि आम्ही गावी गेलो. बाबा ओसरीवर वस्तरा परजत बसले होते. मंदा धावत गेली आणि त्यांच्यापुढे मान हलवून दाखवली. बाबांनी वस्तरा खाली ठेवला.

"कोन मेलं गा?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही, बाबा. फॅशन आहे ही. तिकडे सगळ्या पोरींची असते."

"फॅशन," बाबा म्हणाले. "आपल्या घरच्या बाईच्या केसाले आपलं लोखंड लावत नाही, हे तुले सांगतलं होतं का नाही?"

सांगितलं होतं. का, तेही मला माहीत होतं. बाबा तरणे असताना मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी त्यांना बोलावणं यायचं. नवरा मेलेल्या बाया मागच्या दारी बसवलेल्या असत आणि बाबांनी वस्तरा चालवायचा. त्यांतली एक तर मंदापेक्षा थोडीच मोठी होती, ती बाहुली मांडीवर घेऊन बसली होती. त्या दिवशी घरी येऊन बाबांनी ठरवलं, की हे लोखंड आपल्या घरातल्या एकाही बाईला लागणार नाही. आमच्या घरात साधं नखही धोकटीतल्या कात्रीनं कोणी काढत नसे. मी म्हणालो, ते दिवस गेले, बाबा. ते म्हणाले, "तुह्ये गेले असतीन."

दीक्षावाल्यांची कटिंग त्यांनी गिळली होती. ही गिळता आली नाही. लग्नात सगळ्या सोयऱ्यांनी पोरीकडे पाहिलं, बायका कुजबुजल्या. लग्न झाल्यावर बाबांनी निकाल दिला. "केस कमरेले येतपर्यंत पोट्टी इथंच राहीन. मंग ने."

पोरगी तिथं तर आई तिथं. भांडण करून मी नेल्या असत्या दोघींना. पण भावाचं लग्न नुकतंच झालेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. आणि केस काय, ते वाढतातच. महिन्याला अर्धा इंच, हा हिशेब माझ्या हातात मुरलेला. तीन वर्षांत येतील कमरेजवळ, आणि पाठीवर आले तरी बाबा विरघळतील, असा विचार करून मी एकटा परतलो.

ती दोन वर्षं मी दुकानात लोकांच्या केसांकडे पंचांगासारखं पाहिलं. मेश्रामचं पोरगं आलं की मनात म्हणायचो, याचे एवढे वाढले म्हणजे मंदाचेही एवढे वाढले असतील. खोली मी सोडली नाही. कौसल्येची चूल रविवारी पुसून ठेवायचो. एका रशियन पोरीची क्लिप दुकानात पडलेली सापडली, ती मंदासाठी ठेवून दिली, मग कोणाची तरी वस्तू आपण कशाला ठेवायची म्हणून परत नेऊन दिली. बॉबकट करून घ्यायला पोरी येतच होत्या. हात चालू होता, पण कोणी मान हलवून दाखवली की मी कापड झटकायला दाराबाहेर जायचो.

पहिल्या दिवाळीला गेलो तर केस मानेवर आलेले. ठीक होतं. पुढच्या दिवाळीला गेलो तर पुन्हा हनुवटीपाशी.

घरात याचाच घोर. आईनं माक्याचं तेल सुरू केलं होतं. बाबांना संशय होता मंदावर. "हेच कार्टं कापते. भिलाईची हवा लागली. धोकटी मी आता आड्याले टांगून ठेवतो." मंदाला त्यांनी विचारलं, धमकावलं, पण ती तोंड मिटून उभी राहिली. सात वर्षांची झाली होती. रडली नाही, कबूलही झाली नाही.

दुपारी बाबा झोपले तेव्हा मी तिला परसात, जांभळाच्या झाडाखाली बोलावलं. म्हटलं, "बस, पाहू दे." ती पाठमोरी बसली. मी केस हातात घेतले, खाली विंचरले.

मागची रेघ सरळ होती.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही, म्हणून सांगतो. माणूस स्वतःच्या कपाळावरचे केस कापू शकतो, कानाजवळचे कापू शकतो. मानेवरची रेघ स्वतःची स्वतःला सरळ कापता येत नाही. मी इतकी वर्षं कात्री चालवतो, मलाही येत नाही, मी कुम्हारीहून येणाऱ्या माझ्या ओळखीच्या न्हाव्यापुढे मान वाकवतो. ही रेघ दुसऱ्याच्या हाताची होती. तो हात थरथरलेला नव्हता. त्यानं केस ओले करून घेतले होते आणि बोटभर जास्त ठेवले होते.

मी वर पाहिलं. कौसल्या मागच्या दारात उभी होती. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

"मंदे, जा, आजीले पानी दे," ती म्हणाली. पोरगी गेली.

मी विचारलं, "कुठून शिकली?"

"तुमालेच पाहून. तुमी अंगनात तिचे कापून राहिले होते, तवा मी दारातून पाहून राहिली होती."

"अन् कावून, कशासाठी?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "केस वाढले असते तं तिकडे यावंच लागलं असतं. तिथं मले नाही करमत जी. तुमी सकाळी जाता. दिवसभर तो कारखान्याचा भोंगा ऐकाचा अन् भिंतीशी बोलाचं. बाजूच्या बाया काय बोलतात समजत नाही. मेश्रामीन आली, तं तिच्याघरचं मी खाल्लं नाही, मंग तेही येनं बंद झालं. इथं विहिरीवर चार बाया हायेत. मी हासते इथं."

"मला सांगायचं होतं."

"कवा सांगू? तुमी आले का दुकानाचंच सांगत होते. अन् इतक्या खुशीत सांगत होते, का मले तुमचं तोंड पाहून बोलनं होत नव्हतं."

मी खाली बसलो. ही दोन वर्षं मी बाबांवर मनात राग धरला होता. बाबांचा हुकूम तिनं ढालीसारखा वापरला होता आणि माझीच कटिंग तिनं त्यासाठी शिकून घेतली होती. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, ती रेघ पाहून हाताला कौतुकही वाटत होतं.

मी म्हणालो, "मग मीच इथं येऊन राहू?"

ती हळू आवाजात म्हणाली, "इथं तुमच्यापाशी कोंबडा कोन काढून घेईन जी? वर्षभरात वाळून जासान तुमी."

तेही खरं होतं. तिला तिथं करमत नव्हतं, मला इथं करमलं नसतं, आणि यात कोणी कोणाचा गुन्हेगार नव्हता. भांडायला काही सापडत नव्हतं. मंदा पाणी देऊन परत आली आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहून मुकाट्यानं माझ्यापुढे पाठ करून बसली. डाव्या कानाखाली दोन केस सुटले होते. कौसल्येनं कमरेला खोचलेली कात्री काढून माझ्या हातात दिली, बाबांच्याच धोकटीतली, पितळी मुठीची, आणि पोरीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. मी ते दोन केस कापले. मंदानं मान हलवून पाहिली आणि त्या दिवाळीत पहिल्यांदाच हसली.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघालो, तेव्हा बाबा ओसरीवरून म्हणाले, "या वर्षी वाढतीन पाहा केस. तेल लावत जा म्हना तिले."

कौसल्या दारामागे उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"हो बाबा," मी म्हणालो, "वाढतील," आणि एकटाच गाडीच्या वाटेला लागलो.